राशीवरची हाक

फेब्रुवारी संपत आला की माझे पाय घरात ठरत नाहीत. बायको म्हणते वात आहे, तेल लावा. मी तेल लावून घेतो आणि लगेच चपला घालतो. कुठं निघालात म्हणून विचारलं तर मला धड सांगता येत नाही. कॉलनीच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहतो. मंद्रूपकडून कडब्याचे ट्रॅक्टर त्याच रस्त्यानं शहरात येतात, वरच्या वायरींना घासतील इतके भरलेले, आणि मागं वाळका पाला सांडत जातात. तो वास नाकात गेला की मी आभाळाकडं बघायला लागतो. समोरचा किराणावाला हसतो. "काय काका, पाऊस येतोय काय?" म्हणतो. फेब्रुवारीत सोलापुरात कसला पाऊस. मी विमान शोधत असतो.

पन्नास वर्षं झाली त्या सुगीला. माणूस पन्नास वर्षांत काय काय विसरतो. माझ्या लग्नात जेवायला काय होतं ते मला आठवत नाही, बायको त्यावरून अजून बोलते. पण बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची ती पहिली सुगी, ती सकाळ, तो वारा, सगळं जागच्या जागी आहे. ते जरा हललं असतं तर बरं झालं असतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि एका धावपट्टीचा मालक होतो. मालक म्हणजे रखवालदार. सोलापूरच्या दक्षिणेला, मंद्रूपच्या वाटेवर, काळ्या रानात ती पट्टी होती. लढाईच्या काळात कुणीतरी केलेली आणि मग सगळ्यांनी विसरलेली. दुष्काळात कामं बघायला साहेब लोक छोट्या विमानातून यायला लागले, तेव्हा तिची डागडुजी झाली आणि तिच्यावर एक माणूस नेमला. एक पत्र्याची शेड, एक सायकल, एक लाल बावटा आणि दोन चादरी, एक पांढरी आणि एक लाल, एवढा माझा संसार. विमानाशी बोलायचं यंत्र वगैरे काही नाही. पांढरी चादर शेडपुढं अंथरली की पट्टी मोकळी आहे, उतरा. लाल अंथरली की उतरू नका. वरचा माणूस ती चादर बघायचा आणि त्याच्यावर भरवसा ठेवायचा. लोक मला बावटेवाला म्हणायचे.

काम एकच होतं. विमान यायच्या आधी पट्टीवर कुणी राहू द्यायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्याकडच्या माणसाला मोकळी जागा दिसली की त्याला काहीतरी सुचतंच. कुणी तिथं मिरच्या वाळत घालायचं, कुणी चिंचा. बाजारच्या दिवशी मंद्रूपला जाणारी माणसं पट्टीवरनं आडवी जायची, कारण बांधावरनं गेलं की अर्धा मैल वाढायचा. एकदा कुंभारी गावचं एक वऱ्हाड बँड वाजवत पट्टीवरून चाललं होतं. मी आडवा झालो तर नवरदेवाचा मामा म्हणाला, "असं करा की, इमानाला सांगा जरा थांबायला. मुहूर्त काय थांबत न्हाय." त्याला कसं समजावणार? मी घोड्याचा लगाम धरून वऱ्हाड खाली उतरवलं आणि वर त्यांच्याकडूनच एक बुंदीचा लाडू खाल्ला.

माझे वडील कुर्डुवाडीला रेल्वेत पॉइंट्समन होते. मी क्वार्टरमध्ये वाढलो, झेंडे आणि कंदील बघतच. मला ही नोकरी लागली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती. "पुढच्या स्टेशनानं तोंडानं सांगितल्याबिगर गाडी सोडायची न्हाय. तिकडनं आवाजच आला न्हाय तर गाडी हुभी ठेवायची. ड्रायव्हर शिव्या देतोय, देऊ दे." मी हो हो म्हणालो. सव्वीस वर्षांचा माणूस बापाला हो हो म्हणतो, तसंच.

दुष्काळात पट्टीवर मिरच्या-चिंचांपलीकडं काही आलं नाही, कारण रानातच काही नव्हतं. तो पहिला चांगला पावसाळा झाला, मागनं थंडी चांगली पडली, आणि आजूबाजूचं सगळं रान मालदांडी जोंधळ्यानं भरून गेलं. दोन वर्षं धुळीशिवाय काही न बघितलेल्या माणसांना कणसं दिसत होती. माणसं विनाकारण बांधावर जाऊन उभी राहायची, कणसाला हात लावायची आणि परत यायची. मग जानेवारीत काढणी झाली, मोडणी झाली, आणि एक दिवस सकाळी बघतो तर माझ्या पट्टीवर बैल.

खळी आली होती. मी ओरडलो, दगड उचलला, साहेबांचं नाव सांगितलं. कुणी हललं नाही. मला नंतर कळलं त्यांचं काय ते. जोंधळा उफणायला वारा लागतो, सरळ, एका अंगानं येणारा, मधे झाड नाही, घर नाही. आणि पट्टी ज्यानं आखली होती त्यानं ती वाऱ्याच्या रेषेतच आखली होती, कारण विमानालाही तोच वारा लागतो. त्यात खाली डांबर, म्हणजे दाण्यात माती नाही, खडा नाही. सगळ्या पंचक्रोशीत जोंधळ्याला याच्यापेक्षा चांगली जागा नव्हती. त्यांचंही बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, आणि त्यामुळं माझ्या डोक्याला जो ताप झाला तो कुणाला सांगू?

त्यात गौरव्वा. पन्नाशीची बाई, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, घरात कानडी आणि आमच्याशी मराठी. नवरा दुष्काळाच्या आधीच गेलेला, शिवलिंग नावाचा एक मुलगा. तिचं खळं पट्टीच्या पार दक्षिण टोकाला. मी तिला म्हणालो, "अव्वा, ही सरकारी जागा हाय." तर ती कमरेवर हात ठेवून, धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाली, "तम्मा, ह्या पट्टीला खडी कुणी फोडली? दोन म्हयनं हितं हाताला फोड आणलेत मी. तू तवा कुटं हुतास?" खरं होतं ते. डागडुजीची खडी दुष्काळाच्या कामावरच्या बायांनी फोडली होती. तिनं तळहात पुढं केला.

मग आम्ही एक करार केला, सगळ्यांशीच. मळा, उफणा, काय करायचं ते करा. विमान यायचं असेल त्या दिवशी मी सायकलवर शेवटपर्यंत येईन, हाक मारीन. हाक आली की पाव तासात सगळं गुंडाळून बांधाला लागायचं. त्यांनी मान्य केलं आणि पाळलंही. मला ती माणसं हाकेवर पट्टी सोडून पळताना दिसायची, बैल, पोती, पोरं, केरसुण्या घेऊन, एकमेकांना हसत. एवढं तर शहाणी माणसंही ऐकत नाहीत. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

पट्टीत एक खोड होती. मधोमध तिला उंचवटा होता, उंटाच्या पाठीसारखा, फार नाही. पण शेडपाशी उभं राहिलं की दक्षिणेकडचा अर्धा भाग दिसायचाच नाही. बघायचं असेल तर उंचवट्यावर चढून जावं लागायचं. सायकलवर त्याचं काही वाटत नसे. कधी कंटाळा आला तर मी उंचवट्याच्या अलीकडंच थांबून ओरडायचो, "कोण हाय का रं तिकडं?" पलीकडनं गौरव्वाचा आवाज यायचा, "हाय रं बाबा, हाय! निगालो!" तिचा आवाज असा की चार शेतं ओलांडून जावा. आवाज आला नाही की पट्टी मोकळी. ही पद्धत मी कधी ठरवली नाही, ती पडली. माणसाच्या अंगाला आळस अशाच वाटेनं येतो.

त्या दिवशी विमान अकराला यायचं होतं, ऑफिसातून आलेल्या चिठ्ठीत तसंच लिहिलं होतं. साडेनऊला मी शेडपुढं सायकलचं पंक्चर काढत बसलो होतो. बाभळीचा काटा होता, हा एवढा. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात धरली आणि उत्तरेकडनं घरघर ऐकू आली. विमान दीड तास आधी. मी उठलो, ट्यूब तशीच टाकली आणि पळत सुटलो. अलीकडची खळी आदल्या दिवशीच उठली होती, तिकडं कुणी नव्हतं. उंचवट्याच्या पायथ्याशी आलो, दम लागला होता. वारा दक्षिणेचा होता, गौरव्वाच्या टोकाकडून माझ्या तोंडावर येणारा. ती नुसती खोकली असती तरी मला ऐकू आलं असतं. मी तोंडाला हात लावून ओरडलो, "कोण हाय का रं तिकडं?"

काही नाही. पुन्हा ओरडलो. मग तिसऱ्यांदा, "अव्वा! इमान आलंय! हायस का?"

नुसता वारा. मला वाटलं, शिवलिंगनं काल गाडी आणली असेल, गेले असतील माल भरून. उंचवट्याचा माथा तिथून दोनशे पावलांवर होता. मी नंतर मोजलीत ती पावलं, पुष्कळदा मोजलीत. मागं घरघर वाढत चालली होती आणि चादर अंथरलेली नव्हती. मी मागं वळलो, शेडकडं पळालो आणि पांढरी चादर अंथरली. चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले, वाऱ्यानं उडू नये म्हणून. किती काळजी ती चादरीची.

विमान माझ्या डोक्यावरून गेलं, पुढं उतरलं, चाकांचा चर्र आवाज झाला. ते धावत उंचवटा चढलं. आणि माथ्यावर पोचल्या पोचल्या त्याचा आवाज एकदम फाटल्यासारखा मोठा झाला, नाक वर झालं, आणि ते पुन्हा हवेत गेलं. त्याच्यामागं उंचवट्यापलीकडनं एक ढग उठला, पिवळट पांढरा. तो धुळीचा नाही हे मला लगेच कळलं. आपल्याकडची धूळ काळी.

मी तेव्हा जसा पळालो तसा आयुष्यात पुन्हा कधी पळालो नाही. लाल बावटा कमरेला खोचलेला होता, तो मांडीवर आपटत होता. मी काय काय बोललो देवाला ते लिहीत नाही. माथ्यावर आलो आणि बघितलं. खाली दक्षिण टोकाला, पट्टीच्या ऐन मधोमध गौरव्वा पालथी पडली होती. जोंधळ्याच्या राशीवर, दोन्ही हात पसरून, तोंड दाण्यात घालून. भोवती सगळीकडं दाणा उडालेला, भुसा अजून खाली येत होता. ती हलत नव्हती. मी खाली धावलो, तिच्यापाशी गुडघ्यावर पडलो आणि हाका मारल्या. तिनं मान वर केली. तिच्या गालाला, पापण्यांना दाणे चिकटलेले. डोळे उघडे होते. जिवंत होती बाई, कुठं खरचटलंही नव्हतं.

पण बोलेना. मी म्हणालो, "अव्वा, लागलं का?" बोलेना. "अव्वा, बोल की गं." तिनं ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. ती उठून बसली, पदरानं तोंड पुसलं, बाजूला पडलेली मापाची पायली उचलली, राशीत घातली, भरली, वरनं हातानं सपाट केली आणि पोत्यात ओतली. पुन्हा भरली. वर विमान वळण घेऊन परत येत होतं. शेडपुढं माझी पांढरी चादर अजून तशीच होती, उतरा म्हणून सांगत.

मी बावटा काढला आणि पट्टीच्या मधोमध उभा राहून दोन्ही हातांनी हलवला. विमान खाली आलं, बावटा बघितला, वर गेलं. मी गौरव्वाकडं धावलो, तिचा दंड धरला, ओढायला लागलो. त्या बाईनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरलो नाही. तिनं माझा हात सोडवला, पोत्याचं तोंड माझ्या हातात दिलं आणि धर म्हणून खूण केली. वर विमान घिरट्या घालत होतं. मी बावटा मानेत अडकवला आणि पोतं धरलं. ती भरायची, मी धरायचो. दोघंही गप्प. मला आतून असं व्हायचं की ओरडावं, पळावं, काहीतरी फोडावं. पण ती भराभरा, एकसारखी, एक दाणा बाहेर न सांडता भरत राहिली. रास अर्धी वाऱ्यावर गेली होती, म्हणून लवकर संपली. शेवटची पायली पोत्यात पडली तेव्हा तिनं जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला आणि पहिल्यांदा बोलली. "उचल आता."

मी पोती पाठीवर घेऊन बांधापाशी नेली. ती केरसुणी घेऊन आली. मग मी माथ्यावर जाऊन पट्टीच्या दोन्ही अंगाला नीट बघितलं, शेडकडं गेलो, आणि विमान चौथ्या घिरटीला उतरलं.

साहेबांना न्यायला जीप आली, तिच्यातून आमचे ओव्हरसियर उतरले. "काय होतं पट्टीवर?" मी म्हणालो, "शेळ्या होत्या साहेब." ते मला शेळ्यांवरून बरंच बोलले, मी ऐकून घेतलं. साहेब लोक जीपमध्ये बसून गेले. विमानाचा पायलट मागं राहिला होता, पंजाबी असावा, शांत माणूस. पंखाखाली उभा राहून सिगारेट ओढत होता. मला जवळ बोलावून म्हणाला, "वो औरत ठीक है?" मी मान हलवली. "बोलो," तो म्हणाला. मी म्हणालो, "ठीक है साब." त्यानं डोळे मिटले आणि मग सिगारेट बुटाखाली विझवली. ओव्हरसियरना त्यानंही काही सांगितलं नाही.

उन्हं चढली तसा मी तिच्याकडं गेलो. ती डांबराच्या कडेला बसून गवतातनं दाणा वेचत होती. मला राग आला होता, तिचा. भीती उतरली की माणसाला राग येतो. "अव्वा, ऐकू आलं न्हाय का तुला?" म्हणालो.

"आलं की. तीनदा वरडलास."

"मग ओ म्हणायला काय झालं हुतं?"

तिनं माझ्याकडं बघितलं, लहान मुलाकडं बघावं तसं. "रास मापत हुते रं. राशीवर बोलत्यात व्हय कुणी? मापाला पायली लावली की शेवटापतुर तोंड उगडायचं न्हाय, आन रास सोडून उटायचं न्हाय. बोललं की बरकत जाती. तुमच्यात न्हाय का?" आमच्यात कुठली रास? आमच्यात रेल्वेचं क्वार्टर. दोन वर्षं त्या पट्टीवर काढली, पण दुष्काळात कुणाचीच रास झाली नव्हती, मी ती मापताना कधी बघितलीच नव्हती.

"पण इमान आलंय म्हणालो की मी. मरायचं हुतं का?"

गौरव्वा म्हणाली, "मला कुटं म्हाईत? तू रोज वरडतोस. आन मला ठावं हुतं ना. तू आपल्या डोळ्यानं बगितल्याबिगर पांढरी चादर टाकत न्हाईस."

एवढंच बोलली आणि पुन्हा वेचायला लागली. मला तिथं उभं राहवेना आणि तिथून निघवेना. ती माझ्या भरवशावर गप्प बसली होती आणि मी तिच्या गप्प बसण्यावर चादर टाकली होती. दोनशे पावलं, बस. मी तिला सांगायला पाहिजे होतं की मी बघितलं नव्हतं. जीभच उचलली नाही. मी खाली बसलो आणि दाणे वेचायला लागलो. शिवलिंग गाडी घेऊन आला, त्याला तिनं एवढंच सांगितलं, वाऱ्यानं उडालं म्हणून.

तीन दिवस आम्ही झाडून वेचत होतो. दोन वर्षांनी पिकलेला जोंधळा, आणि चिमण्या आणि होले थव्यानं उतरले होते, त्यांना हाकलायचं की झाडायचं. जे मिळालं ते मिळालं. जे भेगांत गेलं ते पावसाळ्यात वर आलं. डांबराच्या फटींतून जोंधळ्याची हिरवी पाती उगवली, तिच्या टोकापासून थेट उंचवट्यापर्यंत. पट्टीवर गवत राहू द्यायचं नाही असा हुकूम होता. मी गवत उपटायचो आणि जोंधळा सोडायचो, ओव्हरसियरच्या डोळ्यात येईपर्यंत.

ओव्हरसियरनी शेळ्यांसाठी म्हणून पट्टीला चर खणून घेतला. माणसं चर ओलांडून आली. चरानं माणूस थांबत असता तर काय पाहिजे होतं. मी मात्र बदललो. पुढच्या सुगीला विमान यायचं असेल तेव्हा पंक्चर असो की ताप असो, मी शेवटच्या टोकापर्यंत जायचो. तिथं असलेल्या प्रत्येकाला नावानं हाक मारायचो आणि त्यानं तोंडानं ओ दिल्याशिवाय पुढं सरकायचो नाही. माणसं वैतागली. "दिसतोय की समोर, डोळं फुटलं का?" म्हणायची. मी म्हणायचो, दिसू दे, बोल. त्या वर्षापासून माझ्या स्वभावात हे बसलं ते बसलंच. बायको स्वयंपाकघरात असली की मी बाहेरून हाक मारतो. ती भाकरी थापत असते, ऐकू गेलेलं असतं, पण ओ देत नाही. मी पुन्हा हाक मारतो, मग उठून जातो. ती म्हणते, "आहे ना मी, कुठं जातेय?" तिला काय सांगणार?

त्या दुसऱ्या सुगीतलं एक आहे. सकाळची वेळ, विमान यायचं होतं, मी सायकलवरून उंचवटा उतरलो आणि गौरव्वा रास मापत बसलेली. मी सायकल थांबवली. आता हिला कसं उठवू? मी लांबूनच, सवयीनं, हळू आवाजात म्हणालो, "अव्वा." तिनं पायली भरली, सपाट केली. हात तसाच पायलीवर ठेवून, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "हाय." आणि ओतली. शेजारच्या खळ्यावरच्या बाया माना वळवून बघायला लागल्या. राशीवर बोलली होती ती. तिच्या सासूनं, तिच्या सासूच्या सासूनं कधी केलं नसेल ते. मी विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. त्या दिवशी पाव तासाच्या आत रास उठली. त्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली आणि मी तिला पुन्हा बघितलं नाही.

माझी नात आता एका मोठ्या शहराच्या विमानतळावर, उंच मनोऱ्यात बसते. तिच्याकडं मिनिटाला विमान. मागच्या महिन्यात चार दिवस आली होती. मी विचारलं, तुम्ही पट्टी मोकळी आहे हे कसं ठरवता गं? तिला बरं वाटलं, कुणी विचारत नाही म्हणाली. जमिनीवरचं रडार, पट्टीच्या तोंडाशी लाल दिवे, सगळं सांगितलं. "आजोबा, सगळ्यात जास्त भीती कशाची असते माहितेय? एक विमान उतरतंय आणि त्याच पट्टीवर दुसरं कुणीतरी चुकून आलंय, विमान म्हणा, गाडी म्हणा, माणूस म्हणा. म्हणून आम्ही जे सांगतो ते पायलटनं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. नाही म्हटलं तर पुन्हा विचारायचं. समोरचा गप्प बसला म्हणजे त्याला कळलं असं धरायचं नाही. शिकवायला सुरुवात करतात तेव्हाच हे सांगतात." मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. ती म्हणाली, "आजोबा, ऐकताय ना?" मी म्हणालो, "ऐकतोय गं बाई, ऐकतोय."

ती गेली आणि माझे पाय पुन्हा सुरू झाले. चार दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. पाचव्या दिवशी बायकोला सांगून, दोनदा सांगून, एसटीत बसलो.

पट्टी राहिली नाही. डांबर उचकटून लोकांनी बांधाला लावलंय, मधे वेड्या बाभळी माजल्यात. उंचवटा मात्र आहे. मी तो चढलो. पावलं मोजली नाहीत असं म्हणणार होतो, पण मोजली, आता तीनशेच्या वर भरतात. पलीकडं दक्षिण टोकाला खळं चालू होतं. खळं म्हणजे आता मळणीचं यंत्र, ट्रॅक्टरला जोडलेलं, ते नुकतंच बंद केलं होतं. धूळ बसत होती. पोती भरायला माणसं थांबली होती, कारण एक बाई राशीपाशी बसली होती. चाळिशी उलटलेली, विभूतीचे पट्टे, हातात पितळी पायली. यंत्रानं मळलं तरी पहिली पाच मापं देवाची म्हणून हातानं भरत असणार.

मी बाभळीपाशी थांबलो. एवढं आता मला कळतं, राशीवरच्या माणसाला हाक मारायची नाही. बाईनं पायली भरली, सपाट केली आणि ओतताना म्हणाली, "हाय."

मला वाटलं कुणी हाक मारली असेल. कुणीच मारली नव्हती. तिनं दुसरी भरली. "हाय."

शेजारी एक म्हातारा पोत्याला सुतळी ओवत बसला होता. मी त्याला हळूच विचारलं, "राशीवर गप बसायचं असतंय ना?"

"बाकीच्यांच्यात गप बसत्यात," तो म्हणाला. "ह्यांच्या घरात येगळं. शिवलिंगाची सून ती. ह्यांच्यात दर मापाला 'हाय' म्हणायची रीत हाय."

"का?"

"कुणाला म्हाईत? शिवलिंगाच्या आईनं घातली म्हणं रीत. म्हातारी गेली त्याला लई वर्सं झाली. कुणी तरी लांबनं इचारत असतंय, त्याला कळाय पायजे म्हणायची."

मी बाभळीला हात टेकला. मी तिला कधी सांगितलं नव्हतं, की मी बघितलं नव्हतं म्हणून. तिला ते त्याच दिवशी कळलं होतं, पांढरी चादर टाकल्याशिवाय विमान उतरलंच नसतं. तिनं मला काहीही न म्हणता आपल्या राशीची रीत मोडली, आणि पुढं दरवर्षी, मी तिथं नसताना, मोडत राहिली.

बाईनं पाचवी पायली भरली. हातानं सपाट केली. "हाय," म्हणाली.

मी तिथूनच म्हणालो, "ऐकलं."

तिनं वर बघितलं नाही. मापात होती ना.